हाक मारणारा

हाक मारणाऱ्याला काही दिसायचं नसतं.
तो चाळीस पावलं मागे बसतो,
पडलेल्या फरच्या बुंध्याला पाठ टेकून,
आणि पुढे धनुष्य घेऊन जो उभा राहतो
त्याच्या वाट्याला सगळं दिसणं जातं.
सव्वीस वर्षं मी पुढे होतो, वेंडेल मागे.
मग वेंडेल गेला, पाठोपाठ माझा खांदाही गेला.
आता पुढे त्याची डार्सी असते.

सप्टेंबरची अठ्ठावीस तारीख.
सकाळी बाटलीतलं पाणी गोठलेलं होतं.
पंधरा दिवसांपूर्वी हीच दरी नुसती केकाटत होती,
एका नराची शीळ संपायच्या आत दुसऱ्याची,
शिंगांवर शिंगं आपटत होती,
तंबूत डोळ्याला डोळा लागू देत नव्हते.
आता जो तो गप्प.
ज्याला कळप मिळाला त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात,
ज्याला नाही मिळाला तो शहाणा झाला.
शिवाय महिनाभर सगळ्यांनी आम्हाला ऐकलंय,
ट्रकमधून उतरल्या उतरल्या शिट्ट्या फुंकणाऱ्यांना.
या दिवसांत एल्क आलाच तर न बोलता येतो.
आधी वारा विचारून घेतो, मग पाऊल टाकतो.

टाळूला रबराचा पडदा चिकटवून
मी मादीचा आवाज काढतो. एकदाच.
मग वीस मिनिटं काही नाही.
हाक कुणीही मारेल, वेंडेल म्हणायचा,
मारून झाल्यावर गप्प बसायचे पैसे असतात.

खारीने वरून एक शंकू टाकला.
अ‍ॅस्पेनची पानं, उरली होती तेवढी, वाजली.
ऊन पलीकडच्या कड्यामागे गेलं.
आणि पुढून एक आवाज आला,
लोकरीची बाही लोकरीला घासल्याचा,
मग चाकांचा, तेल घातलेल्या बिजागरीइतका.
डार्सीने दोरी ओढली होती.

पंचावन्न पौंडांची ओढ.
चाकं उलटली की हातात दहाच उरतात, दुकानदार सांगतो.
पहिल्या मिनिटाला ते दहाच असतात.
मी मोजत होतो. साठ. सत्तर.
कानांनी बाण सुटायची वाट बघत होतो,
त्यानंतरच्या त्या ओल्या, बोथट आवाजाची,
जो ऐकल्यावर मी दरवेळी टोपी काढतो, का ते माहीत नाही.
नव्वद.
आणि माझ्या मानेवरचे केस गार झाले.

उतारावरची हवा उलटली होती.
दिवसभर खालून वर येणारी
आता माझ्या पाठीवरून, माझा घाम, माझा तंबाखू,
सगळं उचलून खाली चालली होती.
मी मान हाताने झाकली. अगदी वेड्यासारखी.
खालून एकदा भुंकल्यासारखं झालं,
मग फांद्या मोडत गेल्या, लांबपर्यंत,
मग दोरी हळूहळू परत गेली.

ती वर आली तेव्हा उजवा हात थरथरत होता.
बत्तीस यार्ड, म्हणाली.
छातीच्या आड एक तरणा फर होता, नेमका तेवढा.
मान दिसत होती, डोळा दिसत होता.
शिंगांना किती टोकं होती?
मोजली नाहीत, म्हणाली.
तो माझ्याकडे बघतच नव्हता, काका.
सगळा वेळ तुझ्याकडे बघत होता.

मी पडदा काढून डबीत ठेवला.
तोंडात रबराची चव.
काय म्हणालास तू त्याला? तिने विचारलं.
मला माहीत नाही.
वेंडेललाही माहीत नव्हतं,
शेवट जरा खाली पडू दे, एवढंच सांगून गेला.

तंबूत तिने डाव्या हाताने सूप प्यायलं.
परवान्याचे दोन दिवस उरलेत, असं काहीतरी मी बोललो.
रात्री, साडेतीनच्या सुमाराला,
वरच्या खिंडीतून एक शीळ आली,
उशिराची, मधेच फाटलेली.
दोघंही जागे होतो.
उत्तर कुणीच दिलं नाही.